रॉड वाकतो तो नेमका कुठून? नाशिकच्या पाण्यासाठी गळाचा रॉड कसा निवडावा

सातपूरकर_नवखा

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून मित्राच्या रॉडवर हात साफ करून घेतोय, आता स्वतःचा घ्यायचा आहे. बजेट तीन हजारांच्या आत, रीळ वेगळं. बसणं होतं ते बहुतेक दारणेच्या काठाला, नाहीतर दिंडोरीकडच्या तलावांवर. गळाला लागतात ते रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), कधीमधी चिलापी. मरळ एकदा तरी लावायची इच्छा आहे.

प्रश्न असा की दुकानात दोन रॉड हातात घेतले. दोन्ही सात फुटी, दोन्हींवर 'मीडियम' छापलेलं. दुकानदाराने कड्यांतून तंगूस ओवून ओढून दाखवलं. एकाचा फक्त शेंड्याकडचा दोनेक फूट भाग वाकला, खालचा दांडा सरळच्या सरळ. दुसरा पार मुठीपर्यंत गोल आला. दुकानदार म्हणाला, "जास्त वाकतो तो हलका माल, साहेब. कडक घ्या." मित्र म्हणतो नेमकं उलट, वाकणाराच घे, मासा तुटत नाही. दोघं आपापल्या जागी ठाम. मी दोन्ही रॉड परत ठेवून घरी आलो. कुणी नीट समजावेल का?

दारणाकाठ

बरं केलंत परत ठेवलेत ते.

तुम्ही जे पाहिलंत त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्यांची कायम खिचडी होते. रॉड वाकवायला जोर किती लागतो, ही एक गोष्ट. तिला पॉवर म्हणतात. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी ही सगळी उतरंड तिची. आणि जोर लावल्यावर रॉड कुठून वाकतो, ही दुसरी. ती अ‍ॅक्शन. फास्ट असेल तर वरचा तिसरा-चौथा हिस्सा वाकतो, खाली दांडा ताठ. मॉडरेट असेल तर वाक मध्यापर्यंत उतरतो. स्लो असेल तर मुठीपर्यंत.

एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. हेवी पॉवरचा स्लो रॉड मिळतो, अल्ट्रालाइट असून फास्टही मिळतो. तुमच्या हातात आलेले दोन्ही मीडियमच होते, फक्त पहिला फास्ट आणि दुसरा स्लोकडे झुकणारा. 'हलका माल' वगैरे काही नाही.

आणखी एक. 'मीडियम' म्हणजे किती, हे सगळ्या कंपन्यांनी बसून ठरवलेलं नाही. एकीचा मीडियम दुसरीच्या मीडियम हेवीइतका कडक निघू शकतो. म्हणून त्या शब्दावर जाऊ नका. मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत आकडे असतात ते वाचा: लाईन (म्हणजे तंगूस) किती पौंड ओढ सोसणारी चालेल आणि फेकायचं वजन किती ग्रॅमचं. साधारण मीडियम स्पिनिंग रॉडवर लाईन ८ ते १४ पौंड आणि वजन ७ ते २१ ग्रॅम असं काहीतरी दिसेल. पौंडाचा किलोत हिशोब हवा असेल तर १ पौंड ४५४ ग्रॅम.

आता तुम्हाला उलट प्रश्न. तुम्ही फेकता काय? म्हणजे गळाला काय लावून, किती वजनाचं?

सातपूरकर_नवखा

धन्यवाद दादा, डोक्यात उजेड पडला. मी स्प्रिंगचा फीडर वापरतो, त्यावर शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून दाबतो, दोन-तीन गळ त्यातच खोचलेले. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर आत्ता गोळा करून ठेवला (आई बाहेर गेली आहे). शिसं आणि स्प्रिंग धरून ९० ग्रॅम भरला.

दारणाकाठ

झालं मग. ते दोन्ही रॉड तुमच्या कामाचे नव्हते. फास्ट की स्लो हा वाद पुढचा, आधी वजनातच दोन्ही बाद.

२१ ग्रॅमच्या रॉडने ९० ग्रॅम फेकायला गेलात तर दोन गोष्टी होतात. एकतर भीतीने हळू फेकता आणि गोळा वीस पावलांवर पडतो. नाहीतर जीव खाऊन फेकता आणि एखाद्या दिवशी रॉड शेंड्यापासून फूट-दीड फुटावर 'टक्' करून जातो. मग लोक म्हणतात, माल चायनाचा होता.

उलटंही खरं आहे. जड रॉडने हलकं आमिष फेकणं म्हणजे गोफणीत भुसा भरून भिरकावणं. फेकताना मागे नेलेला रॉड त्या वजनाने वाकायला हवा. तो वाक सुटतो तेव्हा आमिष लांब जातं. वजन कमी पडलं की रॉड वाकतच नाही, मग कितीही हात झटका.

मिसळीवरतर्री

मासे गळाने पकडायचे, मग रॉडचं इंजिनिअरिंग, मग काट्यावर पेंड. भद्रकालीच्या बाजारात अर्ध्या तासात काम होतं राव. 😄

दारणाकाठ

बाजारात मिळतो तो मासा. आमचा छंद वेगळा आहे. तुम्ही तर्री सांभाळा.

अंबडचा_मापाडी

मी अंबडला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो, त्यामुळे 'वाकतो, कडक आहे' अशा भाषेवर माझं समाधान होत नाही. फीडर आणि कार्पच्या रॉडवर एक आकडा असतो, तो या धाग्यात यायला हवा: टेस्ट कर्व्ह. २.७५ पौंड, ३ पौंड असा छापलेला असतो. अर्थ सोपा आहे. मूठ आडवी पक्की धरायची, शेंड्याला ओढ द्यायची, शेंडा मुठीशी काटकोनात आला की तेव्हाची ओढ म्हणजे टेस्ट कर्व्ह.

यावरून दोन ढोबळ हिशोब निघतात. आकड्याला पाचाने गुणा, म्हणजे किती पौंडाची लाईन त्या रॉडला शोभेल ते कळतं. २.७५ ला जवळजवळ १४ पौंड. आणि पौंडाचा आकडा तसाच औंसात वाचा, म्हणजे आरामात फेकता येणारं वजन. २.७५ औंस म्हणजे ७८ ग्रॅमच्या आसपास. ३ पौंडाच्या रॉडला ८५. हे जुन्या अनुभवावरचे आडाखे आहेत, मायक्रोमीटर लावू नका. पण नवख्याच्या ९० ग्रॅमच्या गोळ्याला ३ किंवा ३.५ पौंडाचा रॉड लागेल, किंवा गोळा थोडा लहान करावा लागेल, एवढं त्यातून नक्की कळतं.

ज्या रॉडवर आकडाच नाही त्याचं माप घरी काढता येतं. मूठ टेबलाला दोन सी-क्लॅम्पने बांधा, खाली जुनं फडकं घाला म्हणजे मुठीवर वळ उठणार नाही. कड्यांतून लाईन ओवा, टोकाला रिकामी प्लास्टिकची बाटली बांधा आणि तिच्यात मगाने हळूहळू पाणी ओता. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, यासारखा सोपा काटा नाही. शेंडा खाली बघायला लागला की थांबा. बाटलीत सव्वा लिटर पाणी गेलं असेल तर तुमचा रॉड २.७५ पौंडाचा.

आणि तेव्हाच बाजूला उभं राहून एक फोटो काढा. रॉड कुठून वाकलाय ते फोटोत जसं दिसतं तसं कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही. माझ्याकडे सगळ्या रॉडचे असे फोटो आहेत. बायको त्यांना एक्स-रे म्हणते.

गंगेवरचा_काका

पोरांनो, वाचून मजा येते आहे. आमच्या वेळी टेस्ट कर्व्ह नव्हता, कळक होता.

माझे चुलते सायखेड्याकडे गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, काठाला राहायचे. कळकाची बारीक, जून काठी निवडायची, सावलीत वाळवायची, शेंड्याला तंगूस बांधायचा. रीळ नाही, काही नाही. काठीइतकाच तंगूस. मासा ओढायला लागला की ती काठी हातापासून शेंड्यापर्यंत सगळी वाकायची, आणि चुलते काठी वर न उचलता आडवी, पाण्याला समांतर फिरवायचे. मासा उजवीकडे चालला की काठी डावीकडे. मासा आपसूक वळायचा. पाच-सहा किलोचा कटला त्या काठीवर काठाला आलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. रीळ नव्हतं म्हणून सगळी ढील काठीलाच द्यावी लागायची. तुमच्या भाषेत तो स्लो अ‍ॅक्शनचा रॉड. त्याला उगाच हलका माल म्हणू नये.

दारणाकाठ

काका, दंडवत. नेमक्या मुद्द्यावर आलात.

रोहू-कटल्याचं तोंड मांसल आणि मऊ. गळ बसतो पटकन आणि फाटून निघतोही पटकन. मोठा कटला काठाजवळ आला, जाळी बघितली, की एकदम मुसंडी मारतो. त्या क्षणी ढील कुठून मिळणार? रिळाचा ड्रॅग (ठरावीक ओढीला लाईन सोडणारा ब्रेक) सुटायला क्षणभर लागतो. तेवढ्या वेळात रॉड जितका खाली वाकेल तितका झटका तो गिळतो. म्हणून या माशांना मॉडरेट रॉड. फास्ट रॉडने हेच मासे पकडता येत नाहीत असं नाही, पण काठाजवळ सुटण्याचं प्रमाण वाढतं. सोबत लाईनही बघा. मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनची लाईन, ताणते; बारीक धागे विणलेली वेणीची लाईन जवळजवळ ताणत नाही. फास्ट रॉड आणि वेणीची लाईन, वर घट्ट ड्रॅग, अशी तिन्ही एकत्र आली की कुठेच लवचिकता उरत नाही. मग गळ तरी सरळ होतो, नाहीतर माशाचा ओठ जातो.

पाणवेल

मी फक्त मरळीच्या मागे असते, त्यामुळे वरच्या सगळ्या प्रतिसादांना माझा सौम्य विरोध. 🙂

मरळ असते कुठे? पाणवेलीत, गवतात, बुडालेल्या बाभळीच्या काट्यांत. तिथे रबरी बेडूक गवतावरून ओढत आणायचा. मरळ खालून फुटते, मोठा आवाज होतो, बेडूक गायब. आता तुमच्याकडे वेळच नाही. एक, तिचा जबडा हाडाचा, दातांचा. रबर दाबून गळ उघडा व्हायला आणि हाडात रुतायला जोराचा, तात्काळ झटका लागतो. दोन, झटका बसल्याबरोबर तिला वेलींतून वर काढायचं. दोन सेकंद ढील दिलीत की ती देठांना वेढे घालून बसते, मग तुम्ही वेलीच ओढत राहा.

इथे मुठीपर्यंत वाकणारा रॉड घेऊन गेलात तर तुमचा निम्मा झटका रॉड वाकवण्यातच खर्ची पडतो. म्हणून मीडियम हेवी किंवा हेवी, फास्ट, साडेसहा-सात फूट, आणि ४० पौंडांच्या आसपासची वेणीची लाईन. मऊ मोनो इथे नकोच.

एक अपवाद. मोकळ्या पाण्यात तीन काट्यांचे गळ असलेलं आमिष ओढत असाल तर फास्ट रॉडची खुमखुमी आवरा. ते काटे बारीक असतात, थोडेच रुततात आणि झटक्याने निघून येतात. तिथे मॉडरेटच बरा.

नवख्या, 'मरळ एकदा तरी' म्हणालास म्हणून सांगते, रोहूच्या रॉडने मरळ आणि मरळीच्या रॉडने रोहू, दोन्हीत हाल आहेत. आधी एक ठरव.

सातपूरकर_नवखा

ताई, मग आधी रोहू. मरळ दिवाळीच्या बोनसनंतर.

पण एक शंका. रॉड जितका लांब तितकं चांगलं ना? लांब जातो, मासाही लांबून आवरता येतो.

अंबडचा_मापाडी

फेकायला हो. आवरायला नाही, आणि हा गैरसमज फार आहे.

रॉड ही तरफ आहे, पण उलटी. तुम्ही आखूड बाजूला आणि मासा लांब बाजूला. सात फुटी रॉडवर पुढचा हात बुडापासून फुटावर, मागचा अगदी बुडाशी धरा. रॉड अजिबात वाकत नाही असं समजा. शेंड्याला मासा १ किलोने आडवा ओढतोय. शेंडा पुढच्या हातापासून ६ फूट, मागचा हात १ फूट. म्हणजे मागच्या हाताला ६ किलोचा जोर लावावा लागतो आणि पुढच्या हातावर ७ किलो येतात. मासा एक किलोनेच ओढतोय बरं का.

आता रॉड वाकू द्या. वाकला की ओढीची रेषा हाताच्या जवळ सरकते. ६ फुटांचं अंतर ४ झालं तर मागच्या हाताला ४ किलो, पुढच्याला ५. माशावरची ओढ तीच, तुमचे खांदे मात्र वाचले. म्हणून खोलवर वाकणारा लांब रॉड दिवसभर चालवता येतो आणि तेवढाच लांब पण ताठ रॉड संध्याकाळी मनगटं काढतो.

विश्वास बसत नसेल तर भाजीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा खिडकीच्या गजाला अडकवा, त्याला लाईन बांधा, पंधरा फूट मागे जा आणि मासा लागल्यासारखा रॉड वाकवून ओढा. दुसऱ्या कुणाला तरी आकडा वाचायला सांगा. आपल्याला वाटतं पाच-सात किलोची ओढ आहे. माझ्या मीडियम रॉडवर काटा दीड किलोच्या पुढे जायला तयार नव्हता आणि तेवढ्यात हात भरून आला. ड्रॅगही याच काट्यावर लावा, लाईनच्या ताकदीच्या पावपट ते एक तृतीयांश. १२ पौंडाची लाईन म्हणजे साधारण साडेपाच किलो, तर ड्रॅग दीड किलोच्या जवळपास सुटला पाहिजे.

कडवा_कालवा

रॉड कार्बनचा की ग्लासचा (फायबरग्लास) यावर कुणीच बोललं नाही? कार्बनला तोड नाही. हलका, टोकाला मासा नुसता नाक लावून गेला तरी हाताला कळतं. ग्लासचा रॉड म्हणजे हातात पहार.

गंगेवरचा_काका

ती पहार दुचाकीवरून पडते, दगडावर आपटते, पोरगं तिच्यावर बसतं आणि तरी दुसऱ्या रविवारी मासा काढते. तुमच्या कार्बनला शिशाचा गोळा फेकताना एकदा घासून गेला की वरून काही दिसत नाही, आणि चार महिन्यांनी भर माशावर तिथूनच मोडतो.

कडवा_कालवा

काका, मोडतो तो वापरणाऱ्याच्या चुकीने. रॉड उभा करून, शेंडा डोक्याच्याही मागे नेऊन मासा उचलायला गेलं तर कुठलाही मोडेल. सगळा भार शेंड्याच्या करंगळीएवढ्या भागावर येतो.

गंगेवरचा_काका

ग्लास नाही मोडत. लावा पैज.

दारणाकाठ

दोघांचा सामना रविवारी काठावर ठेवू. 😄

माझं मत विचाराल तर तीन हजारांत शुद्ध कार्बनच्या मागे लागू नये. कार्बनच्या रॉडवर २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे असतात. आकडा मोठा म्हणजे धागा जास्त ताठ, त्यामुळे भिंत पातळ आणि रॉड हलका. ताठ म्हणजे मजबूत असं नाही. ४० टनवाला आघाताला उलट नाजूक. काठावर बसून गोळा फेकणाऱ्याला ग्लास-कार्बन मिश्र रॉड पुरतो. थोडा जड असतो, पण आपण तो स्टँडवर टेकवूनच ठेवतो. दिवसभर हातात धरून आमिष ओढणाऱ्या पाणवेलताईंना मात्र प्रत्येक ग्रॅम कळतो. त्यांनी खुशाल कार्बन घ्यावा.

पण कार्बन घेणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट ऐका. कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे कालव्यांच्या आणि धरणांच्या काठाला शेतीपंपांच्या तारा जागोजागी, कधी इतक्या खाली लोंबतात की दहा-बारा फुटी रॉड सहज पोचतो. फेकण्याआधी वर बघा. तारेखालून जाताना रॉड सुटा करून आडवा न्या. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून लांब व्हा. मासा लागलेला असला तरी.

कडवा_कालवा

यावर मात्र काही वाद नाही. +१

चांदवडची_माया

वाचनमात्र होते, पण एक सांगावंसं वाटलं. ऑनलाइन 'रॉड, रीळ, लाईन, बॉक्स, सगळं बाराशेत' असे सेट दिसतात ते टेलिस्कोपिक असतात. बॅगेत मावतात हा त्यांचा गुण. पण नळीत नळी सरकून ठरावीक जागी कडक होते, त्यामुळे वाक सलग येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येतो. वाळू गेली की सांधे अडकतात. माझ्या भावाचा रॉड आता कायमचा साडेचार फुटी आहे. दोन तुकड्यांचा घ्या, दुचाकीवर जातो.

दुकानात बघताना हे करा: कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कुठे तंतू अडकला तर आतल्या रिंगला चीर आहे, तीच पुढे तुमची लाईन कापणार. जोड लावून एका डोळ्याने बुडाकडून बघा, कड्या एका रेषेत हव्यात. आणि शेंडा हातात धरून वाकवू नका, दुकानदार वाकवत असेल तर त्यालाही थांबवा. तुमच्या दुकानदाराने लाईन ओवून दाखवलं ते अगदी बरोबर केलं.

अंबडचा_मापाडी

रॉड हातात धरून नुसता हलवून बघणारेही पुष्कळ. त्याने फक्त हलवणं थांबवल्यावर शेंडा किती लवकर स्थिर होतो ते कळतं. बराच वेळ थरथरत राहिला तर लाईन कड्यांना आपटत जाते आणि फेक आखूड पडते. तेवढी परीक्षा ठीक. वाक कुठून आहे ते ओढल्याशिवाय कळत नाही.

दारणाकाठ

जागेचंही बोलून घेऊ. नवखे सदस्य वाचतात म्हणून.

धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. काठावर जाऊन आधी विचारा, पावती असेल तर घ्या. संस्थेची माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, आणि त्यांच्या जाळ्यांत गळ अडकवून ठेवलात तर का नाही म्हणत ते कळेल. भिंतीजवळ आणि पाणी उचलण्याच्या विहिरीजवळ बसू नका. गंगापूर धरणाचं पाणी शहर पितं, तिथे कडक असतात आणि असायलाच हवं. नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. तिथे दुर्बीण घेऊन जा, गळ घरी ठेवा. रामकुंडाबद्दल वेगळं सांगायला नको.

आषाढात पहिल्या पुरासोबत मासे अंडी घालायला प्रवाहावर चढतात. पोट भरलेली मादी लागली तर सोडून द्या. तेवढे दिवस गेलातच नाही तर उत्तम.

इगतपुरीकडच्या धरणांचा काठ सगळा काळ्या दगडाचा आहे. वेणीची लाईन बारीक असते आणि ताणलेली असताना दगडाच्या धारेवर घासली की सुतासारखी जाते. टोकाला जाड मोनोचा तीन-चार हात लांब तुकडा जोडा.

सातपूरकर_नवखा

मंडळी, घेतला! दहा फुटी, दोन तुकड्यांचा, ३ पौंड टेस्ट कर्व्ह, ग्लास-कार्बन मिश्र. ओढून बघितला, वाक मध्याच्या खाली उतरतो. बजेटच्या वर दीडशे गेले. बाटलीचा प्रयोगही केला, पाणी १ लिटर ३०० मिलीवर शेंडा खाली आला. म्हणजे ३ पौंडाला जरा कमीच ना?

अंबडचा_मापाडी

३ पौंड म्हणजे १ किलो ३६० ग्रॅम. बाटलीचं आणि बांधलेल्या लाईनचं वजन धरलंत का? रिकामी बाटली काट्यावर टाका, बहुतेक तिथेच फरक भरून निघेल. नाही निघाला तरी चालतंय, छापील आकडे इतपत पुढेमागे असतात. ९० ग्रॅमचा गोळा तेवढा ८० वर आणा.

रीळ ४००० किंवा ५००० साइजचं बघा, १४-१५ पौंडाची मोनो भरपूर बसेल असं.

मिसळीवरतर्री

ते सगळं ठीक, पण आईला काट्याचं कळलं का?

सातपूरकर_नवखा

कळलं. पेंडीचा वास जात नाही. नवीन काटा आणून दिलाय, जुना माझा झाला.

चांदवडची_माया

विषय निघालाच आहे तर, माझ्या रॉडच्या शेंड्याची कडी निघून आली आहे. फेव्हिक्विकने चिकटवू का?

दारणाकाठ

नको. एकदा फेव्हिक्विक लावलं की पुढे ती कडी बदलायची झाली तर शेंडा खरवडून काढावा लागतो, एपॉक्सीचंही तेच. हॉट ग्लूची कांडी मिळते ती मेणबत्तीवर मऊ करा, शेंड्याला थोडा लावा, कडी चढवा आणि गार व्हायच्या आत खालच्या कड्यांच्या रेषेत फिरवून घ्या. ज्योत रॉडला लागू देऊ नका, कडीलाच लागू द्या. पुन्हा काढायची झाली तर कडी गरम केली की सरकते. जुन्या कडीचं तोंड किती मिलिमीटर आहे ते मोजून मगच नवीन आणा.